अळंबीतली साखर

रानातली अळंबी असो की दुकानातलं पांढरं बटण मशरूम, त्यात ट्रेहलोज नावाची साखर असते. ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले, एवढंच. मी तिच्यावरच संशोधन करतो, म्हणून मला एक प्रश्न हमखास येतो: सॅनफिलिपो झालेल्या मुलाला मशरूम खायला घालावं का?

तो आजार आधी समजून घ्या. पेशीत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात, तिथे टाकाऊ रेणूंचे तुकडे होतात. सॅनफिलिपोत हेपरान सल्फेट तोडणारं एक एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. कचरा साठत जातो, आणि सगळ्यात जास्त मार मेंदूला बसतो. सुरुवातीची दोनेक वर्षं मूल ठीक वाटतं. पुढे शिकलेले शब्दही एकेक करून जातात.

टीएफईबी हे प्रथिन लायसोसोमची अनेक जनुकं एकदम चालू करतं, हे 2009 मध्ये कळलं. ट्रेहलोज त्याला जागं करतं. 2017 मध्ये बॅटन या लायसोसोमच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांना पाण्यातून ही साखर दिली, तर ते जास्त जगले. पुढे सॅनफिलिपोच्या उंदरांनाही गुण आला. पण नसलेलं एन्झाइम काही परत येत नाही, फक्त सफाईचा वेग वाढतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत याचं ‘मशरूमने बरा होतो’ होतं.

हिशेबच करू या. बॅटनच्या उंदरांच्या पाण्यात 2 टक्के साखर होती. 25 ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे 5 मिली पाणी पितो, म्हणजे 0.1 ग्रॅम साखर. 20 किलोच्या मुलाला त्याच प्रमाणात 80 ग्रॅम. उंदराची मात्रा लहान मुलासाठी साधारण आठपट कमी धरतात, तरी 10 ग्रॅम झालीच. ताज्या मशरूममध्ये ट्रेहलोज 1 टक्का आहे असं सढळ हाताने धरलं, तरी रोज किलोभर मशरूम. घास गिळताना ठसकणाऱ्या मुलाला!

बरं, एवढं करून ती साखर पोचते कुठे? आपल्या लहान आतड्यात ट्रेहलेज हे एन्झाइम असतं, ते तिचं ग्लुकोज करून टाकतं. (ग्रीनलँडमधल्या काही लोकांत ते जन्मतः नसतं, त्यांचं मशरूमने पोट बिघडतं.) म्हणून माणसांवरच्या प्राथमिक चाचण्यांत ती शिरेतून दिली गेली. मग उंदरांना पाण्यातून कसा गुण आला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. माझं निम्मं काम त्यावरच चाललंय.

गेल्या वर्षी सांगलीच्या एका आईने ट्रेहलोजची पावडर ऑनलाइन मागवली होती. ती खाद्यपदार्थांत घालायला किलोने मिळते. मी म्हटलं, “ताई, फिजिओथेरपीचे पैसे यात घालू नका.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, “दादा, दुसरं मूल होऊ द्यावं का?”

आईवडील दोघेही वाहक असले, की प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता. गर्भाची तपासणी 11व्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते, पण त्यासाठी पहिल्या मुलाच्या जनुकातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. तो अहवाल त्यांच्याकडे नव्हता. पुढचा तासभर आम्ही त्याबद्दलच बोललो.