नागपूरची काळी माती आणि पऱ्हाटीचा कोळसा

माघ सरून फाल्गुन लागला, म्हणजे नागपूरहून काटोलच्या वाटेनें जाणाऱ्यास दोहों बाजूंस एकच देखावा दिसतो. कापूस वेंचून झालेला असतो, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात आणि तिन्हीसांजेस त्या पेटवून दिल्या जातात. वाचकांनीं शेतकऱ्यास दोष देण्याची घाई करूं नये. उभ्या पऱ्हाटीच्या आधारानें गुलाबी बोंडअळी जगते. २०१७ सालीं तिनें विदर्भांत मोठा नाश केला. वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थाहि पऱ्हाटी वेळेवर काढावी असेंच सांगते. तेव्हां काढलेल्या पऱ्हाटीचें काय करावें, एवढाच प्रश्न उरतो.

भस्म आणि अंगार हे दोन शब्द संस्कृतांत निराळे आहेत. उघड्यावर पेटविलेल्या पऱ्हाटीचें भस्म होतें. तिच्यांतील बहुतेक कर्ब धुराबरोबर आकाशांत जातो. तीच वारा कोंडून जाळिली, तर वजनाच्या सुमारें पाव ते तृतीयांश कोळसा हातीं येतो. लोणारी लोकांची ही जुनी विद्या. शेतासाठीं केलेल्या अशा कोळशास आज ‘बायोचार’ म्हणतात. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनें त्यासाठीं लोखंडी पिंपाची साधी भट्टी तयार केली आहे. या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी व खताचें सत्त्व टिकून राहतें, आणि तो मातींत शेंकडों वर्षें राहूं शकतो. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत प्राचीन रहिवाशांच्या चुलींतील कोळसा, हाडें व केरकचरा मिसळून झालेली काळी माती आजहि सुपीक आहे.

आमच्या मातीचा काळेपणा मात्र वेगळा. नागपूर दोन भूमींच्या सीमेवर वसलें आहे. सीताबर्डीची टेकडी ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाची. कामठीकडे वळलें कीं वालुकाश्म आणि दगडी कोळशाचे थर लागतात. पश्चिमेची काळी जमीन त्या ज्वालामुखी पाषाणाच्या झिजेची. रंग गडद असला तरी तिच्यांत सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाहून कमीच असतो. शिवाय ती पुष्कळ ठिकाणीं चुनखडीची असते. अशा जमिनींत संत्र्याच्या झाडास लोह मिळेनासें होऊन पानें पिवळीं पडतात. पऱ्हाटीचा कोळसाहि क्षारधर्मी असल्यामुळें तो तेथें ओतणें शहाणपणाचें नव्हे. पाणी न ठरणाऱ्या बरड, मुरमाड जमिनीसच त्याचा उपयोग अधिक.

ताजा कोळसा मातींतील नत्र ओढून घेतो, म्हणून तो आधीं शेणखतांत व गोमूत्रांत मुरवावा लागतो. कृषिपराशर या ग्रंथांत माघांत शेणाचा ढीग उकरून, फाल्गुनांत तें खत शेतांतील खड्ड्यांत भरण्यास सांगितलें आहे. पऱ्हाटी जळते तीहि याच दिवसांत. तिचा कोळसा त्याच खड्ड्यांत पडावा.

मात्र एकरभर पऱ्हाटींतून निघणारा कोळसा दोनतीन क्विंटलच भरतो; साऱ्या शेतास तो पुरत नाहीं. दरसाल एकेक तुकडा धरून पुढें जावें लागतें, आणि भट्टीपाशीं माणसाचा दिवस मोडतो. ज्यांची शेती गांवीं वाट्यानें चालते, अशीं कुटुंबें आपल्या वाचकांत थोडीं नाहींत. जमीन सुधारली तर लाभ मालकाचा. वाटेकरी पुढच्या सालीं तेथें असेल किंवा नसेल. म्हणून त्या दिवसाची मजुरी मालकानें द्यावी, आणि मगच पऱ्हाटी जाळूं नकोस असें त्यास सांगावें.