पत्ता द्या, गडी कामाला लागतो!

अहो, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? लिनक्सवर कंपायलर लाल अक्षरांत जी बोंब मारतो, तिचा बऱ्याचदा आपल्या कोडशी संबंधच नसतो! त्याला फक्त वस्तू सापडत नसते. कुठे शोधायची ते सांगा, की गडी मुकाट कामाला लागतो.

उबुंटूवर सी-मधला छोटासा प्रोग्रॅम जीसीसीला दिला. लगेच फेटल एरर: झेडलिब डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अरे, पण झेडलिब तर मशीनवर आहे! आहे, पण प्रोग्रॅम चालवण्यापुरती. हेडर फाइली वेगळ्या पॅकेजात असतात, ज्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लागतं. ते टाकलं आणि पुढचा धक्का: अनडिफाइन्ड रेफरन्स. म्हणजे हेडर मिळालं, आता लिंकर अडला. त्याला 'मायनस एल झेड' सांगावं लागतं, तेही सोर्स फाइलच्या नंतर! आधी लिहिलंत तर उबुंटूवरचा लिंकर 'हिची अजून कुणाला गरज नाही' म्हणून लायब्ररी सोडून देतो आणि पुन्हा तीच बोंब. नुसती जागा बदलायची! मी तर खुर्चीतून उठलोच.

आणि खरी गंमत पुढेच आहे. लायब्ररी स्वतः बिल्ड करून होम फोल्डरमध्ये ठेवलीत, तर ती तीनदा हरवू शकते आणि तिन्ही वेळचे व्हेरिएबल वेगळे. हेडरसाठी सीपाथ, लिंकिंगसाठी लायब्ररी पाथ, प्रोग्रॅम चालवताना एलडी लायब्ररी पाथ. कुठे अडलंय ते एरर स्वतःच सांगते! सगळं बिल्ड होऊनही प्रोग्रॅम उठत नसेल तर त्यावर एलडीडी चालवा. जी लायब्ररी गायब, तिच्यासमोर स्पष्ट 'नॉट फाउंड'.

ही व्हेरिएबल ठरवायला एक्सपोर्ट लिहिताना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको, बॅशला ती अजिबात खपत नाही. कमांड शोधायच्या पाथमध्ये भर घालताना जुना पाथ डॉलर लावून पुन्हा जोडायचा, नाहीतर साधं एलएससुद्धा सापडेनासं होतं. (झालंच तर टर्मिनल बंद करून नवं उघडा, काही बिघडत नाही.) कायमचं हवं असेल तर तीच ओळ बॅशआरसीमध्ये.

मग स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं एक्सपोर्ट बाहेर का दिसत नाही? कारण प्रत्येक प्रोसेसला पालकाकडून एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते. लेकराने त्यात काही बदललं तरी पालकाला पत्ता नाही. म्हणून स्क्रिप्ट नुसती चालवायची नाही, सोर्स करायची. ही व्यवस्था १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनची, आणि अजून ठणठणीत!

आणि हो, जीसीसीला 'मायनस व्ही' लावून बघाच. हेडर कुठकुठल्या फोल्डरांत शोधलं, त्याची अख्खी यादी तो ओळीने छापतो. तुमचा सीपाथ त्यात दिसला, की समजा जमलं!