गगनबावड्याच्या पावसात दहा मीटर

जुलैमध्ये गगनबावड्याला जाऊन काय करायचं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. धुक्यात फोटो काढायचे, टपरीवर कांदाभजी हाणायची, करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून 'वॉव' म्हणायचं आणि परतताना कोल्हापुरात तांबडा-पांढरा. मीही एडिटरला हेच विकलं होतं. मान्सून वीकेंड, हिरवंगार, फोटोंसकट.

निघायच्या आदल्या रात्री ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण, गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका.

"येताना पुण्यातनं सिलिका जेल आण. निळं. अर्धा किलो."

"कशाला?"

"रायफल आलीय. आठ दिवसांसाठी. चार संपले."

फोन कट. हिरवंगार मान्सून वीकेंडही तिथेच कट!

रंकाळा स्टँड ते ढगाच्या पोटात

कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून एसटी पकडली. फुलेवाडी, बालिंगा, कळे... इथपर्यंत नुसता ऊस आणि रिमझिम पाऊस. साळवण मागे पडलं की गाडी हळूहळू ढगात शिरते. खिडकीच्या काचेला आतून वाफ, बाहेरून पाणी. समोरच्या सीटवरच्या आजी छत्री मिटायच्या भानगडीतच पडल्या नव्हत्या. गाडीच्या टपातूनही ठिबकत होतं.

गगनबावडा सह्याद्रीच्या अगदी काठावर. एका बाजूला करूळ घाट, दुसऱ्या बाजूला भुईबावडा घाट, दोन्ही खाली कोकणात उतरणारे. समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा धडकतो तो इथे. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस याच टोकाला. जुलैत इथे कपडे वाळत नाहीत, ते फक्त कमी ओले होतात. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही आणि चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत पांढरी बुरशी चढते.

आणि या हवेत ताईने दीड लाखाची जर्मन एअर रायफल आणून ठेवली होती.

"आलीस व्हय? भिजलीस की गं!" मावशीने दारातच टॉवेल फेकला. "जा, बघ जा तुझ्या ताईचं खूळ. एवढ्यात एक म्हस आली असती दावणीला."

बंदूक नव्हे, मॅडम

एअर रायफल म्हटलं की आपल्याला जत्रेतले फुगे आठवतात. ही ती नव्हे. ऑलिंपिकमध्ये १० मीटरवर चालते ती. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, जिथे तिथे स्क्रू, गालाला टेकायचा भाग वेगळा, खांद्याचा वेगळा. दिसायला हॉस्पिटलमधल्या एखाद्या मशीनसारखी. बॅरलखाली सिलिंडर, त्यात २०० बारपर्यंत दाबलेली हवा. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज घ्या. ही हवा आधी रेग्युलेटरमधून जाते आणि प्रत्येक गोळीला अगदी तेवढाच धक्का देते. गोळी शिशाची, ४.५ मिलिमीटरची, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. ताकद म्हणाल तर सात-आठ ज्यूल, म्हणून हिला परवान्याची भानगड नसते.

ताकद नाहीच मुळी तिचं काम. काम आहे अचूकपणाचं. लक्ष्यावरचा 'दहा' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. म्हणजे पेनचं टोक टेकवलं की उमटतो तेवढा! नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. एका फेरीत ६० गोळ्या आणि गुण दशांशात, १०.९ पर्यंत.

कोल्हापूरला हे नवीन नाही. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे तर शेजारच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या दिवशी ताईच्या शाळेत पेढे वाटले होते.

ताई ३१ वर्षांची आहे. गेली पाच वर्षं दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने कोल्हापूर, तिथे रेंजवरची रायफल भाड्याने, रविवारी संध्याकाळी परत. ती रायफल आठवडाभर दुसऱ्या दहा जणांच्या गालाला, खांद्याला बसवलेली. प्रत्येक शनिवारी पहिला तास नुसता स्क्रू फिरवण्यात. राज्य स्पर्धेत तिचा स्कोअर दोन वर्षं एकाच जागी अडकलाय. नवी रायफल घ्यायची तर अडीच-तीन लाखांच्या घरात. पुण्यातल्या एका शूटरला नोकरीमुळे खेळ सोडायचा होता. तो एक लाख साठ हजारांत आपली वापरलेली द्यायला तयार झाला. ताईने अट घातली, आठ दिवस माझ्याकडे राहू दे, मग सांगते.

"त्याच्या एसी फ्लॅटमध्ये ती बरीच चालली," ताई म्हणाली. "माझ्या सोप्यात चालते का, ते मला बघायचंय. कॅटलॉगमध्ये गगनबावडा नसतो."

टेस्ट १ : काटा

मावशीचं घर जांभ्या दगडाचं, कौलारू, लांबच लांब. पुढचा सोपा, माजघर, मागचा सोपा. तिन्ही दारं उघडली की सरळ रेषेत बरोब्बर दहा मीटर! ताईने टेपने मोजलंय. मागच्या भिंतीला लोखंडी पेटी, तिच्यात लक्ष्य. मागचं दार कडी लावून बंद. बॅरलमध्ये नारिंगी दोरी असेपर्यंत इकडून तिकडे जायची मुभा, दोरी निघाली की मावशीनेसुद्धा चुलीपुढून हलायचं नाही. हा नियम मात्र मावशी कडक पाळते.

सिलिंडर भरायला ताईकडे हातपंप. आणि इथेच माझ्या सिलिका जेलचं काम. हवेत एवढं बाष्प असताना पंप मारला तर पाणीही आत जाणार. पाणी आत म्हणजे आतून गंज आणि सीलची वाट. म्हणून हवा आधी सिलिका जेलच्या मण्यांमधून न्यायची. मणी निळे असतात, ओल पिऊन गुलाबी होतात. मग ते एका जुन्या तव्यावर (स्वयंपाकाचा नव्हे!) भाजायचे की पुन्हा निळे. पुण्यात जे महिनोन्‌महिने टिकेल ते इथे दोन दिवसांत गुलाबी.

दोघींनी आळीपाळीने पंप मारला. माझी जिमची मेंबरशिप त्या दिवशी उघडी पडली. काटा २०० वर आला. चहा पिऊन येतो तर १९०.

"गळतीय!" मी ओरडले.

ताईने शांतपणे प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. "सायकलला पंप मारताना नळी गरम होते ना? दाबली की हवा तापते, थंडावली की काटा उतरतो. खरी परीक्षा उद्या सकाळी."

वहीत नोंद झाली. १९० बार, २४ अंश. सकाळी उठून पाहिलं, १८८ बार, २१ अंश. दुपारी खोली पुन्हा २४ वर आली आणि काटा पुन्हा १९० वर. ताई विज्ञान शिकवते, हे मी विसरलेच होते.

टेस्ट २ : स्कूटर

शुक्रवारी संध्याकाळी शाळेवरून आल्यावर ताईने रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दहा गोळ्या मारल्या. दहांचं मिळून एकच भोक, शर्टाच्या बटणाखाली झाकेल एवढं. मग रायफल केसमध्ये घातली, केस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि मला म्हणाली, "बस मागं."

पुढचा तासभर आम्ही त्या रायफलला तालुक्यातले खड्डे दाखवले. पाऊस आडवा येत होता. वाटेत इरलं पांघरलेले एक काका थांबून बघत राहिले. "मास्तरीणबाई, पेटी हाय का मुर्दा?" ताई हसली नाही. तिचं सगळं लक्ष माझ्या मांडीवरच्या केसकडे.

घरी येऊन पुन्हा दहा गोळ्या. भोक पुन्हा एकच, तेवढंच छोटं. फक्त तीन मिलिमीटर उजवीकडे सरकलेलं.

तुम्हाला-मला तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी पाच वर्षं एसटीचे धक्के खाल्लेल्या बाईला ते किती असतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. लाईट गेली होती. ती टॉर्च घेऊन एकेक स्क्रू तपासत बसली. मावशी दोनदा जेवायला बोलावून गेली.

साडेनऊला सापडलं. मागच्या साइटला धरून ठेवणारा स्क्रू पाव आटा ढिला होता. रायफल ठीकच होती, तो कुणी कधी नीट आवळलाच नव्हता.

"तुझ्याकडे नेलपॉलिश आहे?"

माझ्या पाऊचमधली लाल नेलपॉलिश घेऊन तिने स्क्रू आवळला आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक बारीक सरळ रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. रात्रीच साइट पुन्हा मधोमध आणली. शनिवारी त्याच रस्त्यावरून, त्याच खड्ड्यांतून पुन्हा एक फेरी. परत येऊन दहा गोळ्या. भोक जागच्या जागी, रेघ अखंड.

टेस्ट ३ : ओल

सगळ्यात क्रूर टेस्ट ही. शनिवारी रात्रभर रायफल केसबाहेर, मागच्या सोप्यात, जिथे टॉवेलसुद्धा वाळत नाही. ताई रात्रीतून दोनदा उठून बघून आली, हे मला मावशीने सांगितलं.

सकाळी काय झालं माहितीये? रायफलला काहीच झालं नाही. लाकडाचा सांगाडा असता तर ओल पिऊन फुगला असता, अ‍ॅल्युमिनियमला फरक पडत नाही. बॅरल कोरड्या पट्टीने पुसली, ट्रिगर दाबून पाहिला, आधीसारखाच हलका. गोळ्यांचा डबा घट्ट झाकणाचा, तोही ठीक.

हरलं ते जॅकेट. शूटिंगचं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं, ताठ असतं, त्याच्याच आधाराने शरीर स्थिर राहतं. ते भिजक्या पुठ्ठ्यासारखं लोळत होतं आणि कोपरावर हिरवट बुरशी. ते घालून ताईने उभ्याने गोळ्या मारल्या तेव्हा भोकं पांगली. नऊ, दहा, साडेनऊ, आठ.

"रायफल पास," ती म्हणाली. "नापास मी." मग वहीत लिहिलं, 'जॅकेट – कोरडी पेटी, बल्ब लावून'.

आणि एक तारीख

रविवारी दुपारी विकणाऱ्याला फोन करायचा होता. ताई शेवटचं एकदा सगळं पुसत होती आणि थांबली. सिलिंडरच्या गळ्याशी बारीक अक्षरांत कोरलेला महिना आणि साल. साडेनऊ वर्षांपूर्वीचं.

एवढ्या दाबाच्या सिलिंडरला मुदत असते, बहुतेक उत्पादक दहा वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती सांभाळायची जबाबदारी शूटरची. म्हणजे खड्डे, ओल, थंडी सगळं सोसलेल्या रायफलचा सिलिंडर सहा महिन्यांत निव्वळ तारखेने बाद होणार होता.

मला ताईच्या वयाची आठवण झाली. ती तिलाही झाली असावी, पण ती बोलली नाही. फोन उचलला आणि घासाघीस सुरू केली. शिक्षिका घासाघीस करते तेव्हा समोरचा विद्यार्थी होतो. वहीतली प्रत्येक नोंद तिने वाचून दाखवली, स्क्रूसुद्धा. शेवटी एक लाख पस्तीसवर सौदा तुटला. निम्मे तिच्या साठवणीतले, निम्मे पतसंस्थेचे.

मावशी भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. म्हणाली, "पंचवीस हजार वाचलं न्हवं? मग त्यातनं ती सुकवायची पेटी कर पयली."

मी निघाले तेव्हा गगनगडाचं टोक क्षणभर दिसलं आणि पुन्हा ढगात गेलं. करूळ घाटाच्या तोंडाशी 'वॉव' म्हणायचं राहूनच गेलं.

परवा ताईचा मेसेज आला. स्कोअर वगैरे काही नाही, नुसता एक फोटो. साइटचा स्क्रू, त्यावर माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ. सरळ.

कसं जाल?
पुणे–कोल्हापूर साधारण २३० किमी, तिथून गगनबावडा सुमारे ५५ किमी. कोल्हापुरातून एसटी आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, त्यामुळे करूळ आणि भुईबावडा घाट सुरू आहेत का, ते आधी विचारून घ्या. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. कपड्यांचा एक जोड जास्तीचा न्या. तोही ओलाच होईल!