तुळशीमागचं रोप

तुळशीमागे आपोआप उगवलेलं रोप जांभळाचंच आहे, आता शंका नाही. कोवळी पालवी तांबूस. तशी ती आंब्याचीही असते, पण आंब्याची पानं एकाआड एक येतात, ही समोरासमोर, जोडीनं. पान उजेडात धरलं तर कडेलगत बारीक शीर सलग फिरलेली. चुरगळलं, तर तोच उग्र वास.

शिवाय शेजारी दुसरा कोंब! माती हलकेच सारली, तर दोन्ही एकाच बीतून आलेले. जांभळाच्या बीत अनेकदा एकाहून जास्त गर्भ असतात, हे नुसतं वाचून होते. प्रत्यक्ष पाहताना अंगावर शहारा आला. बी वटवाघळानं टाकली की कोकिळेनं, कोण जाणे. एवढं मोठं होणारं झाड, त्याला भिंतीलगत कोंडणं अन्यायच. याच पावसात कुंपणाकडे हलवेन. दोन्हींतला एक कोंब खुडायला मात्र हात धजत नाही.