अंगठाबहाद्दर

ज्याला सही येत नाही त्याला मराठीत 'अंगठाबहाद्दर' का म्हणतात, हे कोडं मला बी.कॉम. होऊनही सुटलं नव्हतं. बँकेच्या काउंटरवर वीसेक वर्षं काढल्यावर हल्ली सुटलंय. अंगठा लावून पैसे काढायला आता खरोखरच बहाद्दरी लागते.

मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं शेवटच्या घटका मोजत होती आणि अंगठ्याचं काम सोपं होतं. शाईचं पॅड पुढे सरकवायचं. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. शेजारी एका साक्षीदाराची सही. ठसा म्हणजे बहुधा एक निळा डाग असायचा. पण आम्ही पासबुकावरचा फोटो बघायचो, समोरचं तोंड बघायचो आणि विचारायचो, "काय मावशी, सून बाळंत झाली का?" ओळख पटायची. यालाच पुढे केवायसी म्हणू लागले. फक्त त्यात सुनेची चौकशी राहिली नाही.

मग आधार आलं. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. २०१४ साली जनधन आलं. खिशात एक रुपया नसला तरी खातं निघू लागलं. २०१६ साली यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं संपली. मी यंत्राच्या विरुद्ध नाही हो. भाजीवालीच्या गाडीवर तो काळा-पांढरा चौकोन लटकलेला बघून मलाही बरंच वाटतं.

पण यंत्राला बोटावर रेघा लागतात. आणि रेघा शाबूत कुणाच्या? आमच्या साहेबांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो. त्या अंगठ्याला त्रास होईल असं साहेबांनी आजवर काही केलेलंच नाही. माझाही लागतो. नोटा मोजण्याचं कामसुद्धा मशीनने काढून घेतल्यापासून माझ्या रेघा दिवसेंदिवस सुबक होत चालल्या आहेत. घासतात त्या भांडी घासणारीच्या, विटा वाहणाऱ्याच्या, ऊस तोडणाऱ्याच्या. म्हणजे जन्मभर राबलात, तर यंत्र म्हणणार, "तुम्ही ते नव्हेच!"

आमच्या एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दरमहा १,५०० रुपये त्यांच्या खात्यात येऊ लागले. वस्तीत बँकमित्र मशीन घेऊन बसतो, तिथे त्यांनी अंगठा लावला. नाही. पदराला पुसून लावला. नाही. खोबरेल लावून पाहिलं. तरी नाही. शेवटी एक दिवसाचा खाडा करून, रिक्षाला पैसे घालून त्या आमच्या रांगेत. रांगेत पुढे-मागे सगळे असेच. ज्यांचा अंगठा किंवा फोन चालतो ते आता बँकेत येतातच कशाला? गादीवर पडल्या पडल्या त्यांची बँक उरकते.

"मावशी, मोबाइल नंबर दिलाय ना? मेसेज येतो ना?"

"येतो की. धाकट्याच्या फोनवर. पैसे आले की त्याच्या खिशात वाजतं. मी कामावरून घरी पोचायच्या आत तो गाडीचा हप्ता घेऊन उभा."

तांदळाच्या डब्यात लपवलेलं पासबुक कुणाला दिसत नसे. त्यात किती आहेत हे मावशींना ठाऊक आणि मला ठाऊक. आणि मी कुणाला सांगत नसे. आता ओटीपीही धाकट्याच्याच फोनवर जातो. खातं आईचं, शिल्लक आईची, पण किल्ली मुलाच्या खिशात.

कॉमर्सला आम्हाला पहिला धडा असा होता की एकीकडे जमा पडलं की दुसरीकडे कुठेतरी नावे पडतंच. माझी, साहेबांची, तुमची सोय जमेला पडली. नावे कुणाच्या पडली, ते बघायचं असेल तर सकाळी अकराला आमच्या काउंटरसमोर येऊन उभे राहा.

तरी मी कर्मचाऱ्याचं कर्तव्य म्हणून मावशींना सांगितलं, की २०२२ पासून इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही यूपीआय करता येतं. भारी फोन लागतच नाही.

मावशींनी पैसे मोजून कमरेला खोचले आणि म्हणाल्या, "साहेब, साधा तरी माझा कुठाय?"