मान आणि तोल

फळ्यावर 'वृत्त' हा शब्द लिहून आम्ही वळलो आणि अख्खा वर्गच आमच्याभोवती फिरला. टेबलाची कड हाती लागली म्हणून पडलो नाही. मागच्या बाकावरून आलेले 'सर आज घेऊन आलेले दिसतात' हे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आले. वीस वर्षांच्या अध्यापनात एवढे बोचलेले दुसरे वाक्य आठवत नाही. बोलणारा कोण, हे आम्ही कधी विचारले नाही.

मानेचे दुखणे जुने. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर वाकून वाकून ते आम्हीच पोसले होते. मध्यंतरी पट्टा मिळाला, तो आम्ही सांगितल्याहून कितीतरी अधिक दिवस निष्ठेने वापरला. स्नायू आयते टेकू लागले आणि दुबळे झाले. ('मन्या'पासून आलेली ती मान आणि प्रतिष्ठा या अर्थाचा तो मान, हे शब्द मुळात वेगळे. आमच्याबाबतीत मात्र दोन्ही एकाच तासाला गेले.)

रक्तदाब, कान वगैरे तपासून इतर कारणे वगळल्यावर आमची रवानगी फिजिओथेरपिस्टबाईंकडे झाली. त्यांनी डोक्याला लेझरचा दिवा बांधून आम्हाला भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवले. ठिपका मध्यावर आणायचा, डोळे मिटून मान वळवायची आणि अंदाजाने पुन्हा मध्यावर यायचे. डोळे उघडले तो ठिपका ११ सेंटिमीटर डावीकडे! सातच्या आत असावा, असे बाई म्हणाल्या. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांच्या साक्षी जुळल्या की मेंदूला तोल सापडतो. कवटीच्या तळाशी असलेल्या इवल्या स्नायूंत ही जाणीव देणारी संवेदनाग्रे फार दाटीने असतात. आमचे नेमके तेच साक्षीदार फितूर झाले होते.

मग व्यायाम सुरू झाले. उताणे झोपून, 'हो' म्हणावे तशी हनुवटी किंचित आत घ्यायची आणि दहा आकडे धरून ठेवायची. भिंतीवरच्या अक्षरावर नजर खिळवून डोके हलवायचे. पहिल्या आठवड्यात याने मळमळे. फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायचे. हे आम्ही कॉलेज सुटल्यावर रिकाम्या व्हरांड्यात करत असू. कोणी पाहिले असते तर मागच्या बाकाची खात्रीच पटली असती.

तीन महिने आम्ही बसून शिकवले, फळा टाळला. गेल्या सोमवारी लघु-गुरूच्या खुणा काढायला उठलो. वळताना आधी डोळे, मग मान. वर्ग जागच्या जागी होता. डाव्या हाताची बोटे तेवढी टेबलाच्या कडेवर होती.