विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. ज्याला घर ना दार, जो आज इथे तर उद्या तिथे, त्याच्याविषयी थोड्याशा कीवेने वापरावयाची ती म्हण. पण आमच्या दादाने निवृत्तीनंतर खिशातले पैसे मोजून असे एक बिऱ्हाड विकत घेतले आणि रावेतला आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत आणून उभे केले, तेव्हापासून ती म्हण शिकवताना माझी जीभ जरा अडखळते.

बिऱ्हाड म्हणजे बारा फूट लांबीची एक पत्र्याची खोली. खाली दोन चाके, पुढे जीपला अडकवण्यासाठी लोखंडी दांडी. आत समोरासमोर दोन बाके, रात्री त्यांचीच बिछायत व्हावयाची. एका कोपऱ्यात शेगडी आणि भांडी धुण्याचे टीचभर टाके, दुसऱ्या कोपऱ्यात कपाटाएवढ्या जागेत कमोड. इंग्रजीत याला कॅराव्हॅन म्हणतात. इमारतीतली मुले ‘डबा’ म्हणतात. आमची सौ. तिला पहिल्या दिवशी ‘फिरता संडास’ म्हणाली, आणि खरे सांगायचे तर तिच्या म्हणण्यात बरेच तथ्य होते. दादाने ही गाडी घेतली ती त्या कपाटासाठीच.

वहिनींचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. लॉजचे जिने चढवत नाहीत, उकिडवे बसवत नाही. त्यांचे माहेर दापोली तालुक्यात. तिथे घराची सोय परसाच्या टोकाला, उतारावर. सात वर्षे झाली, वहिनी माहेरी गेल्या नाहीत. भाऊ फोनवर बोलावतो, त्या ‘येते हो’ म्हणतात, आणि फोन ठेवून मुकाट्याने भाजी चिरू लागतात. दादा बोलला काहीच नाही, फक्त एके दिवशी हा डबा घेऊन आला.

डबा जुना होता, अनेक हातांतून गेलेला होता, आणि त्याची दुखणी एवढी होती की डॉक्टर परवडला नसता. पण दादा स्वतःच डॉक्टर. पिंपरीच्या एका कारखान्यात त्याने छत्तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली. अडचण एकच होती. दोन वर्षांपासून त्याला कंपवात आहे. उजवा हात थरथरतो. स्क्रू हातात धरला तर तो भोकाच्या भोवती प्रदक्षिणा घालीत राहतो. तेव्हा असे ठरले की डोके त्याचे आणि हात माझे. ठरले म्हणजे त्याने ठरवले. “मास्तर, रविवारी जुने कपडे घालून ये,” एवढेच तो म्हणाला. मला एम. ए. करण्यासाठी ज्याने दहावीनंतर स्वतःची शाळा सोडली, त्याला मी नाही म्हणणार होतो थोडाच!

पहिले दुखणे गळतीचे. जूनच्या पहिल्या सरीतच डाव्या खिडकीवर थेंब जमू लागला आणि बाकावरची गादी ओली झाली. कोणीही म्हणेल, खिडकीचे रबर बदला. दादाने मान हलवली. “दुखतं तिथं दुखणं नसतं,” तो म्हणाला, आणि आतल्या भिंतीच्या प्लायवर बोटाच्या पेराने टकटक करीत निघाला. कोरड्या प्लायचा आवाज टणक येतो, आत पाणी मुरलेल्या प्लायचा बद्द. खिडकीपासून सुरू झालेला बद्द आवाज वर वर सरकत छतापर्यंत गेला.

नंतर पाण्याची परीक्षा. ही परीक्षा खालून वर घ्यावयाची असते. वरून पाणी सोडले की ते सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. म्हणून नळी आधी खिडकीच्या खाली धरायची, पाच-सात मिनिटे थांबायचे, मग खिडकीवर, मग भिंत आणि छत जिथे जुळतात त्या सांध्यावर, आणि सर्वांत शेवटी छतावर. ज्या टप्प्याला आत थेंब पडेल, त्या टप्प्यावर चोर. आता गंमत पाहा. आम्ही राहतो रावेतला. इथल्याच पवनेच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी उचलले जाते. त्याच शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झाले. गाडीच्या टपावर पाण्याची नळी धरलेला मराठीचा प्राध्यापक पाहून शेजाऱ्यांनी काय काय बोलायला सुरुवात केली असती! म्हणून बोअरचे पाणी घेतले, तरी दोघांनी वरून विचारलेच.

चोर सापडला तो छताच्या मध्यावरच्या हवेच्या झडपेपाशी, खिडकीपासून चांगला पाच फूट लांब. झडपेच्या चौकटीखालून पाणी आत शिरत होते, पत्रा आणि प्लाय यांच्या मधून उताराने वाहत होते, आणि खिडकीशी वाट मिळाली की बाहेर पडत होते. चौकटीभोवती आधीच्या मालकांनी थरावर थर सिलिकॉन थापले होते. सिलिकॉनचा स्वभाव असा की त्याच्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक नवा थर जुन्यावर नुसताच बसून राहिला होता. दोन रविवार मी ते खरवडले. मग चौकटीखाली ब्युटिलची पट्टी घातली. ही पट्टी मळलेल्या कणकेसारखी मऊ असते, कडक होत नाही. स्क्रू एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आवळायचे, बाहेर आलेली कणीक कापायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरा आवळायचा. दादा टॉर्च धरून उभा होता. त्याचा हात हलायचा, म्हणून उजेडही हलायचा, आणि माझ्या नजरेसमोर एकाच्या जागी तीन-तीन स्क्रू नाचायचे. थोड्या वेळाने त्याने टॉर्च एका विटेवर ठेवला आणि बाजूला सरकला. त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मागच्या दिव्यांचा प्रकार गमतीचा होता. डावीकडे वळण्याचा दिवा लावला की तो मंद लुकलुके, आणि त्याच्याबरोबर दुसरे दिवेही लुकलुकत. ब्रेक दाबला तर सगळेच मलूल. मला वाटले, तारांची गुंतागुंत झाली असावी. दादाने एकदाच पाहिले आणि म्हणाला, “याला अर्थ नाही.” गेली वीस वर्षे नवकवितेविषयी विद्यार्थ्यांकडून मी हेच वाक्य ऐकत आलो आहे, त्यामुळे दचकलो. पण त्याचे म्हणणे निराळे होते. दिव्यातून गेलेली वीज परत जाते ती अर्थच्या तारेने गाडीच्या सांगाड्यात. ती तार जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढला की विजेला परतीचा रस्ता मिळत नाही, मग ती शेजारच्या दिव्यातून वाट काढू पाहते. बोल्ट सोडला, धातू चमकेपर्यंत घासला, पुन्हा आवळला आणि वर व्हॅसलिन लावले. वीस मिनिटांचे काम. अर्थ इतक्या सहज लागल्याचे उदाहरण माझ्या शिकवण्याच्या आयुष्यात दुसरे नाही.

अशा गाड्या आपल्याकडे थोड्या. आपल्याकडे घर असते ते मोटारीतच. आमच्या शेजारच्या आकुर्डीची बजाज टेम्पो कंपनी, २००५ पासून जिचे नाव फोर्स मोटर्स झाले, तिच्या ट्रॅव्हलर गाड्यांत ओटा-पलंग बसवून लोक ते करतात. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पण मागे ओढत न्यावयाचे घर ही मूळ हौस इंग्रजांची. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यातून खास असा गाडा बांधवून घेतला, त्याचे नाव ‘वाँडरर’ ठेवले, घोडे जुंपले आणि इंग्लंडातून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेला. हा डॉक्टर आरमारात होता आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. ही हकिगत मी दादाला सांगितली. त्याने एकच विचारले, “त्याच्या चाकांना वंगण कोण घालत होतं?”

कारण त्या दिवशी आमचे वंगणच चालले होते. आपल्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे, तो लहानपणी आम्ही दोघांनी पाहिलेला. आता तुंब्याच्या जागी लोखंडी हब आणि त्यात बेअरिंगा. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवायचे आणि कान लावायचा. घरघर आली की काढा बाहेर. ग्रीस काळे पडून घट्ट झाले होते. रॉकेलने धुऊन, तळहातावर नवे ग्रीस घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहायचे, पलीकडच्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. ग्रीस झाकणारी एक टोपी हरवली होती, ती कुदळवाडीच्या भंगार बाजारात वीस रुपयांना मिळाली. (२०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली शेडे आणि दुकाने पाडली. आता तसली टोपी कुठे शोधावी कोण जाणे.) टायर मात्र नवेच घ्यावे लागले. त्यांच्यावरची नक्षी कोरी करकरीत होती, आणि मी ते वाचवण्याच्या बाजूचा होतो. दादाने टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचून दाखवले: २२११. म्हणजे २०११ सालचा बाविसावा आठवडा. कुशीला बारीक भेगा. टायर धावून झिजतो तसा नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, हे तो म्हणाला आणि वाकलेल्या पाठीने उठून चहाला गेला.

शेगडीविषयी थोडक्यात सांगतो. रबरी नळी बदलली, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येत नाही ना ते पाहिले. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, तो जमिनीशी साठतो. म्हणून अशा गाडीच्या तळाला एक जाळी असते. आधीच्या कोणीतरी झुरळे येऊ नयेत म्हणून तिच्यावर पत्रा ठोकला होता. तो काढताना दादाने जे शब्द वापरले ते या अंकात छापण्याजोगे नाहीत.

दसऱ्यानंतर डबा पहिल्यांदा रस्त्यावर काढला. जीप पुतण्या चालवीत होता. किवळ्याच्या बाजूला गेलो, वेग चाळीसच्या वर गेला आणि मागचा डबा कुत्र्याच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागला. पुतण्याचा पाय ब्रेककडे गेला. “ब्रेक नको! नुसता पाय काढ!” दादा ओरडला. वेग उतरला तसा डबा शांत झाला. दादा खाली उतरला, मागचे कपाट उघडले. आत वहिनींनी तांदूळ, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि पाण्याचे दोन कॅन भरून ठेवले होते. “गाडी उलाळ झालीय,” तो म्हणाला.

‘उलाळ’! ओझे मागे गेले आणि जू वर उचलू लागले की बैलगाडी उलाळ होते. हा शब्द किती वर्षांनी ऐकत होतो! आजी शेतावर वापरत असे. इंग्रजी पुस्तकात याच गोष्टीवर चार पाने खर्च केलेली मी नंतर पाहिली. सार एवढेच की डब्याच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढच्या दांडीवर आला पाहिजे. आमचा डबा सातशे किलोचा. घरचा वजनकाटा दांडीखाली ठेवला आणि सामान पुढे सरकवीत काटा सत्तरावर आणला. “तुमचं वजन सत्तरच आहे,” सौ. म्हणाली, “तुम्हालाच बसवलं असतं तरी भागलं असतं.”

कोकणचा घाट चढण्या-उतरण्याआधी एक मुक्काम जवळपास करून पाहावा, असे ठरले. जुन्या मुंबई रस्त्याने निघालो. वडगावला थांबून चाकांच्या हबांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. कोमट होते, म्हणजे ठीक. कामशेतहून डावीकडे वळून पवनेच्या धरणाकाठी संध्याकाळी पोचलो. जे पाणी रावेतला बंधाऱ्यात येते, ते इथून सुटते. दादाने बाकावर पाणसळ ठेवून, चाकाखाली फळी सारायला लावून डबा सपाट केला. वहिनी पायरीवरून आत गेल्या, कोणाचा हात न धरता कपाटात जाऊन आल्या, आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या. पिठले त्यांनी बसूनच केले. कितीतरी दिवसांत त्यांना एवढे बोलताना मी ऐकले नव्हते. माहेरची विहीर, आगरातले साप, धाकट्या बहिणीचे लग्न असे सगळे.

रात्री दीड-दोनच्या सुमारास पंप आपोआप गुरगुरला. दोन सेकंद, आणि गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा.

“ऐकलंस?” अंधारात दादा म्हणाला.

नळ कोणी उघडलेला नव्हता. पंप आपणहून चालू होतो तो नळीतला दाब उतरला म्हणून, आणि दाब उतरतो तो पाणी कुठेतरी निसटत असते म्हणून. मी टाक्याखालचे दार उघडून पाठीवर आडवा झालो. टॉर्च बादलीवर ठेवला.

“काय शोधताय?” वहिनी उठून बसल्या होत्या. “म्हणजे आता कोकणात जायचं नाही का?”

“जायचंय. म्हणून तर शोधतोय,” दादा म्हणाला.

बोटांना घाम होता, त्यांना ओल कळेना. वर्तमानपत्राचे तुकडे करून मी एकेका जोडावर गुंडाळत गेलो. पहिला कोरडा निघाला. दुसराही. तिसऱ्यावर कागद हळूहळू काळा पडला.

“पाना दे, दहा-अकराचा,” मी म्हणालो.

पेटीत थोडी खडखड झाली. मग थरथरत पाना माझ्या हातात आला. दहा-अकराचाच होता.